भाचेसाहेबांचा पंच

‘मला समजलं नाही’ हे तीन शब्द ऐकून ज्याचा चेहरा उजळतो, असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. बाकी हे शब्द काढले की मास्तर छडी शोधतात, मालक डोळे वटारतात, कचेरीतला कारकून ‘पुढचा कोण’ म्हणतो. हा मात्र बसल्या जागेवरून ताडकन उठायचा, हातातला खडू कानावर खोचायचा आणि कोणी जेवायला बोलावल्यासारखा खूश होऊन विचारायचा, "वा! कुठून नाही समजलं? बोट ठेवून दाखवा!" मी पहिल्या दिवशी बोट पाठीमागे लपवलं होतं. पाचवीत शाळा सोडलेला माणूस मी. समजलं नाही हे कुणाला सांगायचं नसतं, एवढी एकच गोष्ट मी शाळेत नीट शिकलो होतो.

तेव्हा मध्यभारत नावाचं राज्य होतं. सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला बसायचं, त्यामुळे निम्मे कारकून सदा ट्रंका बांधत तरी असायचे नाहीतर सोडत तरी. मी रत्नागिरीकडचा. वडील गेले, शाळा सुटली, आणि पुढे विशीत गावच्या एका ओळखीच्या माणसाने गिरणीत लावतो म्हणून मला इंदूरला आणलं. गिरणीत जागा नव्हती. तो माणूस दिलगिरी सांगून निघून गेला आणि मी राजवाड्यामागच्या एका गल्लीत बाइंडिंगच्या दुकानात लागलो. दिवसभर वह्या-पुस्तकं शिवायची आणि तिथेच कागदाच्या कपट्यांच्या ढिगाशेजारी अंग टाकायचं. इंदूरची मराठी ऐकताना आपलीच वाटायची आणि वाक्याच्या मध्यावर हिंदीत गडप व्हायची. कोणी "काय करून राह्यले भिया?" असं सहज विचारलं तरी माझ्या हातून काहीतरी चुकलंय असं समजून मी उभा राहायचो.

अशात एक दिवस दुकानात एक ताडमाड तरुण आला. पायजम्यावर कोट, कोटाचे दोन्ही खिसे खडूंनी फुगलेले, कपाळावर दाराच्या चौकटी लागून लागून उठलेलं कायमचं टेंगूळ. त्याला टिपणांच्या सुट्या कागदांची वही शिवून हवी होती. कागद द्यायचे आणि जायचं, तर हा माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "हा दोरा इथून आत का जातो?" मी म्हटलं, "असंच असतं." हे ऐकून तो असा दचकला की मीच घाबरलो. "असंच म्हणजे? कोणी सांगितलं? दुसरीकडून गेला तर काय होईल?" आयुष्यात मला माझ्या कामाबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं. मी खाली बघून सुई ओढत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी धीर करून, घडी घातलेल्या पानांचे दोन गठ्ठे, आमच्या भाषेत फर्मे, हातात धरून, त्याला दाखवलं की प्रत्येक फर्म्याचा टाका मागच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवत जायचं असतं, म्हणून पुस्तक खांद्याला खांदा लावून उभं राहतं. तो "समजलं!" असं एवढ्या जोराने ओरडला की समोरच्या हलवायाच्या हातातला झारा कढईत पडला. मग त्याने मी कुठे राहतो ते विचारलं. मी कपट्यांच्या ढिगाकडे बोट केलं. त्याने माझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालायला लागला. मी मागून पळतोय, मालक माझ्या मागून ओरडतोय, आणि हा पुढे स्वतःशी पुटपुटतोय, "मागच्या टाक्यात पुढचा... वा रे वा..."

त्याला त्याच्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. स्नेहलतागंजात ज्या बाईंच्या घरी तो राहायचा त्यांचा तो भाचा, म्हणून दूधवाल्यापासून कॉलेजच्या प्रोफेसरांपर्यंत सगळे त्याला ‘भाचेसाहेब’ म्हणत. त्याच हिशेबाने त्या बाई साऱ्या गल्लीच्या मावशी. मावशींनी ट्रंकेकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "हा कोण?"

"पंच."

"कसला पंच?"

"ते समजावून सांगायला वेळ लागेल."

"मग नको सांगू. जेवतो ना? असू दे."

वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत मला दाराशी जागा मिळाली; खिडकीशी त्याचं अंथरूण. मी चाचरत भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "तुमचं भाडं म्हणजे तुमचे कान." मला वाटलं थट्टा करतायत. पण थट्टा त्यांना येतच नव्हती.

भाचेसाहेब बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि विषय शुद्ध गणित. यातला ‘शुद्ध’ हा शब्द त्यांनी भलताच मनावर घेतला होता. नळ, हौद, आगगाडी, मजूर यांपैकी काही ज्यात आलं ते गणित त्यांच्या लेखी खरकटं. दुसऱ्या एका पेपरासाठी त्यांना वजनं आणि कप्पी यांचाही अभ्यास करावा लागे. त्या वह्या ते खोलीबाहेर चपलांशेजारी ठेवत आणि तो अभ्यास झाला की हात धुऊन आत येत. मावशींना यात काही वावगं वाटत नसे. त्यांच्या मते घरात एक तरी माणूस सोवळं पाळतो हे चांगलंच होतं. कोणतंही विधान पुराव्याशिवाय सोडायचं नाही हा दुसरा नेम. मावशी म्हणाल्या आज एकादशी, की हे विचारणार, "कशावरून?" दूधवाला म्हणाला दूध निर्भेळ आहे, की "सिद्ध करो." तो बिचारा म्हातारा एकदा खरोखर म्हैस घेऊन दारात आला. भाचेसाहेबांनी तिला पुढून-मागून नीट पाहिलं आणि म्हणाले, "यावरून एवढंच सिद्ध होतं, की तुमच्याकडे म्हैस आहे." म्हातारा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "पढ़-पढ़ के हुआ है क्या?"

पाटी लहान पडते म्हणून ते दारावर, जिन्याच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर लिहीत. श्रावणात एकदा जिन्यात त्यांनी खडूने चार-पाच मोठाल्या लांबलचक वेलांट्या काढून ठेवल्या होत्या; गणितात तशी एक खूण असते, वर वाकडी, खाली वाकडी. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. सकाळी उतरतो तर काय, मावशींनी त्या सगळ्यांना हळदकुंकू वाहून समोर लाह्या आणि दुधाची वाटी ठेवलेली! मी हबकलो, आता इथे रामायण होणार. भाचेसाहेब मात्र वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "मावशी, तिसऱ्याला नका वाहू, तो चुकलाय."

पण सगळ्यात अजब म्हणजे ज्या दिवशी गणित सुटायचं नाही त्या दिवशी यांच्याकडे सण. सुटलं की पुसून टाकत. अडलं की खाली जाऊन सगळ्यांसाठी पोहे आणि जिलेबी घेऊन येत. "आज पक्के अडलो! चार दिवस हलणार नाही!" म्हणून माझ्या पाठीवर थाप मारत. अडचण आली की घाबरणारा माणूस मी. मला ती जिलेबी घशाखाली उतरायची नाही. मी विचारायचो, "भाचेसाहेब, परीक्षेत अडलं तर?" ते म्हणायचे, "तर तीन तास मजा."

परीक्षा एप्रिलात. पेपर आग्र्याच्या विद्यापीठातून छापून येत आणि त्यांची धास्ती जानेवारीतच इंदुरात पोचलेली असे. मग रोज पहाटे साडेपाचला खोलीत दोघे जण यायचे. एक मदन, सराफ्यातल्या सोनाराचा मुलगा. दुकानावर बसायचं नाही म्हणून शिकत होता, तोंडात अर्धी मराठी, अर्धी हिंदी आणि सदैव सुपारी. दुसरा वसंता, जुन्या इंदुरातला, कारकुनाचा मुलगा. वसंताची ही दुसरी खेप होती. त्याला शाळामास्तर व्हायचं होतं. पण त्याच्या आप्पांनी कचेरीतल्या साहेबांकडे शब्द टाकून ठेवला होता की पोरगं याही वेळी राहिलं तर नक्कलनवीस म्हणून चिकटवून घ्या. नक्कलनवीस म्हणजे दुसऱ्याने लिहिलेलं जन्मभर उतरवून काढायचं. वसंता हा शब्द उच्चारतानासुद्धा भिंतीकडे तोंड करायचा.

या तिघांची एकमेकांना शिकवण्याची रीत भाचेसाहेबांनी घालून दिलेली. ज्याने गणित सोडवलं त्याने ते समजावून सांगायचं नाही, दुसऱ्याने सांगायचं. ‘हे तर उघडच आहे’ हे वाक्य बंद. बोलेल त्याने खालच्या नळावरून दोन बादल्या पाणी वर आणायचं. आणि गणित ‘झालं’ कधी म्हणायचं? तर पंचाने, म्हणजे मी, ‘समजलं’ म्हणून मान हलवली की. मग ते वहीत चढायचं, दार पुसायचं, आणि त्याबद्दल पुन्हा कोणी बोलायचं नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातच जोडले. मी म्हटलं, "भाचेसाहेब, मला अपूर्णांकसुद्धा नीट येत नाहीत." ते म्हणाले, "उत्तम. ज्याला येतात तो मनातल्या मनात भोकं बुजवतो. तुम्ही नाही बुजवणार."

पहिले पंधरा दिवस मी इमानाने ‘नाही’ म्हणत राहिलो. दुसरं काय म्हणणार? आकडे कमी आणि अक्षरंच जास्त, तीही इंग्रजी. भाचेसाहेब एकेक अक्षर उचलून, हे म्हणजे हे धरा, असं करत करत मला कुठच्या कुठे नेत आणि कधी कधी खरंच, अगदी शपथेवर सांगतो, मला समजायचं. एखादी वस्तू अंधारात हाताला लागावी तसं. त्या दिवशी मी दुकानात तीन-तीन वह्या जास्त शिवायचो. पण बाकी दोघांचा जीव वेळेत अडकलेला. मदन कपाळ बडवून घ्यायचा. "ओ पंचजी, तुम्हाला तर दोन आणि दोन चार पण पटून नाही राह्यलं! आज तो हाँ बोल दो यार!" वसंता नुसता बघायचा. ते मला जास्त लागायचं. मला वाटायला लागलं, हे दोघे एक दिवस भाचेसाहेबांना सांगतील की हा मठ्ठ नको, दुसरा पंच आणा. मग माझी ट्रंक कुठे जाणार, ते मला माहीत होतं. कपट्यांचा ढीग तिथेच होता.

मग एका सकाळी मी न समजता मान हलवली. कोणाला कळलं नाही. दुसऱ्यांदा सोपं गेलं. पुढे पुढे तर मला त्यातली कला साधली. लगेच हलवायची नाही, आधी भुवया आवळायच्या, छताकडे बघायचं, मध्येच एकदा ‘थांबा’ म्हणायचं आणि मग सावकाश ‘हां’. मदन म्हणायला लागला, "पंचजी चमक उठे!" भाचेसाहेब तर माझ्याकडे इतक्या कौतुकाने बघायचे की मला शरमेने मान वर करवत नसे.

परीक्षेला चार दिवस उरले होते. सरकार ग्वाल्हेरहून परत येत होतं आणि त्याच्याबरोबर वसंताचे आप्पाही आले होते. ते त्या सकाळी वसंताच्या पाठोपाठ खोलीत आले. काळी टोपी, काखेत छत्री. दाराशी बसले आणि म्हणाले, "चालू द्या. मी नुसता बघतो." त्या दिवशीचं गणित एका लांबलचक मालिकेचं होतं, तिची बेरीज काढायची. भाचेसाहेबांनी आदल्या दिवशी एका झपाट्यात ते सोडवलं होतं. आज वसंताने सांगायचं. वसंता उभा राहिला. त्याचा खडू दोनदा मोडला. रीत अशी होती: अमुक पदांपर्यंत हे उत्तर बरोबर आहे असं धरा, मग पुढच्या पदालाही बरोबर येतं, म्हणजे त्याच्या पुढच्यालाही, आणि असं सगळ्यांनाच. मागच्याला पुढचा अडकलेला. मला हे ओळखीचं वाटलं. आणि म्हणूनच माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि पहिला?"

"पहिला काय?" वसंता म्हणाला.

"पहिला कशात अडकवलाय?"

वसंताने भाचेसाहेबांकडे पाहिलं. आणि भाचेसाहेब, ज्यांनी तो नियम केला तेच भाचेसाहेब, हात झटकून म्हणाले, "पहिलं तर उघडच आहे, पंचजी."

खोलीत कोणी पाणी आणा म्हणालं नाही. आप्पा माझ्याकडे बघत होते. प्रवासातून आलेल्या, साहेबांचं सगळं ऐकून घेणाऱ्या माणसाचा थकलेला चेहरा. हळूच म्हणाले, "पोरगं बरोबर सांगून राह्यलंय ना, पंचजी?" आता सांगा, त्या बापाच्या तोंडावर मी पाचवीत शाळा सुटलेला माणूस काय बोलणार होतो? मी भुवया आवळल्या, छताकडे पाहिलं आणि मान हलवली. आप्पांनी मला नमस्कार केला. मला! आप्पा माझ्या वडिलांच्या वयाचे होते.

दुपारी दुकानात एक जाडजूड रजिस्टर शिवत होतो. लक्ष ठिकाणावर नव्हतं. शिवून झालं, मालकांनी उचलून, सवयीने पहिलं पान धरून ओढलं, आणि सगळे फर्मे एकामागून एक सुटत सरळ त्यांच्या पायावर. मी पहिल्या फर्म्याला गाठच मारली नव्हती. मधले सगळे टाके चोख होते. मालक काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ते ऐकतच नव्हतो. मी त्या सुटलेल्या दोऱ्याकडे बघत होतो.

दिवेलागणीला घरी आलो तेव्हा भाचेसाहेब स्वयंपाकघरात जेवत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मला सकाळी समजलं नव्हतं. मी खोटी मान हलवली." त्यांचा घास हातात राहिला. मग त्यांनी ताटातला भात बाजूला सारला आणि बोटाने वरणात काहीतरी लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. पहिलंच पद, नुसतं एक, घालून पाहिलं. माणसाचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"मावशी," ते म्हणाले, "एक बरोबर दोन आलं."

"मग अजून एक पोळी घे," मावशी म्हणाल्या.

उत्तराच्या शेपटाला एक जास्तीचा चिकटला होता, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना सारखाच चिकटला असल्यामुळे मधे कुठेच सापडणार नव्हता. मला वाटलं आता हे खूश होतील, जिलेबी आणतील. पण त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी खालच्या आवाजात विचारलं, "पंचजी, किती वेळा?"

मी समजून चुकलो. जानेवारीपासूनचं जे जे वहीत चढलं होतं ते माझ्या मानेवर चढलं होतं. त्यातलं खरं किती, खोटं किती, हे जगात फक्त मला माहीत होतं. आणि घाबरट माणसाला अशा गोष्टी विसरता येत नाहीत. "सतरा," मी म्हटलं, "हा धरून. सांगू का कुठले?" आणि मी सांगत सुटलो: शिवरात्रीच्या आदल्या दिवशीचं ते गोलाचं, मदनने सुपारी गिळली त्या दिवशीची दोन, वसंताला ताप होता तेव्हाचं... भाचेसाहेब शेजारची वही उघडून एकेकावर फुली मारत गेले. सतरावी फुली मारली आणि उठून, उष्टा हात तसाच, जिना चढून गेले. मी माझी ट्रंक भरली.

सकाळी दोघे आले तेव्हा भाचेसाहेबांनी सगळं सांगितलं. मदन उडालाच. "पंच ही बिक गया! अरे भिया, तीन दिवस राहिलेत! सतरा गणितं! मी काय आता दुकानावर बसू?" वसंता खाली बसला आणि गुडघ्यात डोकं घातलं. मी ट्रंकेची कडी धरून उभा होतो. म्हटलं, "मी जातो. दुसरा पंच बघा." भाचेसाहेब म्हणाले, "कुठे जाता? बसा." मग दाराकडे तोंड करून, जणू त्या दारालाच सांगतायत असं म्हणाले, "चूक पंचजींची नाही. हा माणूस नाही म्हणायला घाबरेल अशी खोली आपण केली. काल सकाळी त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. मी त्यांचं बोट उचलून बाजूला केलं. चूक माझी." आणि बादल्या उचलून पाणी आणायला गेले. दोन नव्हे, सहा खेपा केल्या. आम्ही तिघे त्या बादल्यांचा आवाज ऐकत बसलो.

ते तीन दिवस मी जन्मात विसरणार नाही. मला ताप आल्याचं मालकांना कळवलं. ते शेवटचं खोटं. सतराच्या सतरा पुन्हा दारावर चढली. आता मला कसली भीतीच उरली नव्हती. जायचं ते जाऊन बसलं होतं. मी नाही म्हणत होतो, पुन्हा नाही, पुन्हा नाही. आणि सांगायचं होतं वसंताने, कारण सगळ्यात जास्त गरज त्याला. एकच गोष्ट सात-सात वेळा, वेगवेगळ्या बाजूंनी. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन मी म्हणत होतं, वसंता एका गणिताच्या मध्यावर थांबला, दाराकडे बघत राहिला आणि एकदम हसायला लागला. "अहो पंचजी," तो म्हणाला, "मला तरी कुठे समजलं होतं! तुम्ही मान हलवायचे ना, म्हणून मला वाटायचं की मला समजलं असेल!"

मदनच्या तोंडातली सुपारी खाली पडली. भाचेसाहेब चटईवर आडवे झाले आणि पोट धरून इतके हसले की मावशी वर येऊन बघून गेल्या. मी हसू की रडू ते ठरेना. सतरांपैकी चौदा ठीकच निघाली, दोनांना ठिगळ लागलं, आणि चूक एकच, ती मालिका. तीसुद्धा तिसऱ्या दिवशी सकाळी मार्गी लागली. तेव्हा मी मान हलवली ती अशी, की माझं मलाच अवघडल्यासारखं झालं. खरी मान हलवायची सवयच गेली होती.

परीक्षेत ती मालिका आलीच नाही. भाचेसाहेब याचा राग तीन दिवस धरून होते. "एवढं केलं आणि विचारलंच नाही!" त्यांना स्वतःला सेकंड क्लास मिळाला. सगळं कॉलेज चक्रावलं. खरा प्रकार त्यांनी मला एकट्याला सांगितला: एका प्रश्नातच एक अट घालायची राहून गेली होती, तेव्हा ती का हवी हे त्यांनी आग्र्याच्या परीक्षकाला तीन पानं लिहून समजावलं आणि शेवटी विचारलं होतं, की समजलं का? त्यात दोन प्रश्न लिहायचे राहिले. "आणि त्यांनी उत्तर दिलं तरी ते मला कळणार कसं?" याचीच त्यांना रुखरुख. वसंता पास झाला. थर्ड क्लास, पण पास. वर्तमानपत्रात त्याचा नंबर मीच पहिला पाहिला, राजवाड्यासमोर, आणि जुन्या इंदूरपर्यंत पळत गेलो. आप्पा अंगणात ट्रंक उन्हाला घालत होते. मी नंबर दाखवला. त्यांनी छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग म्हणाले, "साहेबांना जाऊन सांगून येतो, की जागा दुसऱ्या कोणाला द्या," आणि टोपी न घालताच निघाले.

जूनमध्ये वसंताला महूच्या शाळेत नोकरी लागली. मदन शेवटी दुकानावरच बसला, आणि म्हणतात की गिऱ्हाइकाने ‘समजलं’ म्हटलं तरी तो त्याला आणखी एकदा सगळं समजावून सांगतो. भाचेसाहेब एम.ए.साठी उत्तरेत कुठेशी गेले. जाताना वह्या नेल्या, कोट नेला. चपलांजवळच्या वह्या मला बांधणीच्या कागदासाठी देऊन गेले. पहिल्या वर्षी चार पत्रं आली, दुसऱ्या वर्षी एक. मग आली नाहीत. इतका मोठा माणूस, कामात असणार. मी कधी मनावर घेतलं नाही.

मला कोणी जा म्हटलं नाही. ते गेले त्या संध्याकाळी मी मावशींना विचारायला खाली गेलो, की खोली कधी रिकामी करू. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तू कुठे जातोस? राहा की." ज्या जागेसाठी मी सतरा वेळा खोटं बोललो, ती आता सगळीच्या सगळी माझी होती. वर आलो. एवढी मोठी खोली असेल हे मला कधी कळलं नव्हतं. वळकटी हातात घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. मावशी पाण्याचा तांब्या ठेवायला आल्या. म्हणाल्या, "खिडकीशी टाक अंथरूण. वारा येतो तिथे." मी हो म्हटलं, आणि दाराशीच टाकलं. म्हटलं, कोणी आलंच तर खिडकीशी जागा असू दे.